मिठागरावरचा कार्तिक

भाद्रपद लागला की टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगा आणि टीव्हीवरचा मेक्सिकोच्या आखाताचा नकाशा. मोदक घरी करायचे की फ्रोझन आणायचे यावरून मीटिंगमध्ये दरवर्षी तेच भांडण होतं. नकाशावर एक पांढरा भोवरा रोज थोडा थोडा जवळ सरकतो आणि त्याच्या पुढे हवामानवाले वादळाच्या संभाव्य वाटेचा पसरट शंकू काढतात. त्या शंकूत आपलं गाव येतं की नाही, एवढंच जो तो बघतो. मीही बघते. पण माझं अर्धं लक्ष टीव्हीकडे नसतं, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आईकडे असतं.

आई ऐंशीच्या पुढे गेली. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. टीव्हीचा आवाज ती बंदच ठेवते. इंग्रजी तिला येत नाही, पण वादळाचा नकाशा तिला माझ्यापेक्षा बरा वाचता येतो. वारा आधी कुठून येईल आणि नंतर कुठून, हे ती हवेत बोट फिरवून बघते आणि गप्प बसते. एरवी ही बाई चांगली बोलकी आहे. माझ्या पोळ्यांना नावं ठेवते, आणि माझा नवरा सुहास पुण्याचा असल्यामुळे त्याचे टोमणे त्याला व्याजासकट परत करते. वादळाचे दिवस आले की मात्र ती घरात असून नसल्यासारखी होते. गेली कितीतरी वर्षं हे असंच चाललं आहे, आणि त्याचं कारण मला माहीत आहे.

यंदा आम्ही शंकूच्या बरोबर मधोमध होतो.

मी एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. वादळ यायचं म्हटलं की आमच्या काउंटरसमोर रांग लागते. एरवी गोळ्या वेळेवर न घेणारे लोक तीन महिन्यांच्या गोळ्या आजच द्या म्हणून हटून बसतात. माणसाला मरणाची आठवण झाली की शिस्त येते, आणि वारा पडला की ती जाते. घरी आले तर सुहास जनरेटरचं माहितीपत्रक तिसऱ्यांदा वाचत होता आणि फोनवर निखिल होता. निखिल आमचा मुलगा, ऑस्टिनमध्ये असतो.

"आई, जस्ट लीव्ह. आजीला घे अँड ड्राइव्ह हिअर. व्हाय इज धिस अ डिस्कशन?"

"आजीला पाच तास गाडीत बसवत नाही रे. आणि सगळं ह्यूस्टन त्याच रस्त्यावर निघालंय. समुद्र इथून तासाभरावर आहे, इथे फक्त वारा येणार."

"फक्त वारा," तो म्हणाला, तेवढं मराठीत. त्याच्या आजोबांचं काय झालं हे त्याला माहीत आहे. पण एका वाक्यात सांगता येतं तेवढंच.

या दिवसांत मला जो ऋतू आठवतो तो इथला नाही आणि महाराष्ट्रातलाही नाही. तो तमिळनाडूच्या एका टोकावरचा कार्तिक आहे. मी तिथे पुरती दोन वर्षंही राहिले नाही, पण हवामानाबद्दल मला जे काही कळतं ते तिथलं आहे.

त्याआधी आम्ही सांगोल्याकडचे. सांगोला म्हणजे पावसाच्या बाबतीत दारिद्र्याचा मुलूख. मृगात कोकणात धो धो पडायचं, महाबळेश्वराहून त्याच्या बातम्या यायच्या, आणि आमच्याकडे नुसते ढग वरून जायचे. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या आपल्या दारावरून जाव्यात आणि आपल्याला आमंत्रण नसावं, तसे. आमचा म्हणता येईल असा पाऊस दोनदाच. एक परतीचा आणि त्याआधी एक वैशाखातला वळीव. वळीव मात्र आम्हाला पुरता ओळखीचा होता. दुपारनंतर आभाळ काळं व्हायचं, धुळीची भिंत उठायची, पत्रे उडायचे, गारा पडायच्या आणि अर्ध्या तासात सगळं आटोपायचं. आला आणि गेला. वारा पडला की बायका दारात यायच्या, पुरुष पत्रे, गोठा, दावणीचं जनावर बघायला निघायचे, पोरं आंब्याखाली कैऱ्या वेचायला पळायची. वारा थांबल्यावर बाहेर पडायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ताट पुढ्यात आल्यावर जेवायचं असतं हे शिकवावं लागत नाही, तसंच ते.

बाबा रसायनशास्त्राचे पदवीधर. वेदारण्यमजवळच्या एका मिठागरावर केमिस्टची जागा आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं. घरात सगळे नको म्हणाले. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, मुलगी सातवीत. आईनं तर दोन दिवस अबोला धरला. बाबांनी ऐकून घेतलं आणि ट्रंका बांधल्या.

तमिळनाडूचा किनारा नकाशात सरळ खाली उतरत येतो आणि एका जागी काटकोनात वळतो. त्या कोपऱ्यावर वेदारण्यम. कावेरी शेकडो मैलांवरून आणलेली माती जिथे पसरून टाकते त्या प्रदेशाची ही शेवटची कड. तिथल्या जमिनीला उतारच नव्हता. सांगोल्याला पाणी नसलं तरी ते कुठे वाहून जाईल हे माहीत असायचं, ओढे ठरलेले होते. इथे पाणी भरपूर आणि त्याला जायला जागा नाही. गावाच्या दक्षिणेला मैलोगणती खारी दलदल, तिच्यात मिठागरं, आणि दलदलीपलीकडे उथळ समुद्र. डोळ्यांना अडेल असं काही नव्हतं. दूरवर एखादा ताड, वेड्या बाभळीची झुडपं आणि वाळूच्या टेकाडांवर सुरूची झाडं. पहिले काही दिवस आईला चक्कर यायची. ती म्हणायची, "डोंगर नाही म्हटल्यावर टेकायचं कशाला?"

आणि सूर्य समुद्रातून उगवायचा. रत्नागिरीला एकदा गेलो होतो तेवढाच माझा समुद्र, त्यात सूर्य बुडायचा. इथे तो ओल्या अंगानं वर यायचा आणि आल्या आल्या तापायला लागायचा. वैशाखात तिथे एक काळ असतो, त्याला ते लोक अग्निनक्षत्र म्हणतात. त्या दिवसांत मिठागरावर बघवत नाही. वर पांढरं, खाली पांढरं. माणसं डोळे बारीक करून काम करायची आणि मीठ ओढून ओढून त्यांच्या टाचांना पडलेल्या चिरांत मीठच भरलेलं असायचं. पण तोच मिठाचा हंगाम. भरतीचं पाणी खाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत आटवायचं. बाबा काचेचं तरंगतं मापक घेऊन बांधांवरून हिंडायचे. पाणी किती दाट झालं ते त्यावर कळायचं. एका ठरावीक अंशाला मीठ धरायला लागतं आणि त्याच्या वर गेलं तर कडवटपणा येतो. "मधल्या मध्ये पकडायचं," ते म्हणायचे. धरलेलं मीठ ओढून बांधावर त्याचे लांबच लांब ढीग लावायचे आणि पावसाळ्यापूर्वी ताडाच्या झावळ्यांनी शाकारायचे. दुरून ते ढीग एखाद्या वस्तीसारखे दिसायचे, फक्त माणसं नसलेल्या.

अशाच एका ढिगापाशी बाबांनी मला दक्षिण भारताचा भूगोल शिकवला. चार पाट्या मीठ खाली ओतून पसरलं, डाव्या हाताला मिठाचीच एक उंच कड उभी केली. "हा सह्याद्री. नैऋत्येचा पाऊस या बाजूनं येतो, इथे धडकतो, सगळं कोकणात आणि केरळात ओततो. डोंगराच्या पाठीमागे कोण? सांगोला. आणि खाली, त्याच डोंगराच्या पाठीमागे, हे सगळं तमिळनाडू. म्हणजे आपण भाऊबंदच की यांचे." मग बोटानं कावेरी काढली, निलगिरीचा एक गोळा ठेवला आणि उजव्या हाताला थोडे थोडे खडे टाकले. "हे पूर्वघाट. तुटके. मध्ये मोठाल्या फटी. आणि या कोपऱ्यावर तर तेही नाहीत. म्हणून यांचा पाऊस इकडून, उजवीकडून येतो. दिवाळीत."

"मग त्याला अडवायला काय?" मी विचारलं.

"काही नाही," बाबा हसून म्हणाले. "म्हणून तर पडतो."

मला ते फार आवडलं. पाऊस आपल्याकडे येतो आणि मध्ये कुणी डोंगर त्याला खाऊन टाकत नाही, हे सांगोल्याच्या मुलीला दुसरं काय वाटणार. बाबांनाही तसंच वाटत असावं. आश्विन संपता संपता पूर्वेकडून पहिले ढग आले तेव्हा मिठागराचा हंगाम संपला म्हणून सगळे हळहळत होते, आणि आमचे बाबा, मिठागराचे केमिस्ट, बनियन घालून अंगणात भिजत उभे होते. आई दारातून म्हणाली, "नोकरी मिठाची आणि लळा पावसाचा. कुणीतरी एक धरा." बाबांनी तेही ऐकलं नाही.

इथे टेक्सासला आल्यावर मी पहिली कुदळ बागेत मारली तेव्हा दचकले. माती काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. सांगोल्याच्या शेतातली उचलून आणावी तशी. आणि जमीन वेदारण्यमसारखी सपाट. पाऊस झाला की पाणी रस्त्यावर उभं राहतं आणि कुठे जावं याचा विचार करत बसतं. दक्षिणेला उथळ, कोमट समुद्र. सुहासला घर आवडलं, शाळा चांगल्या होत्या, मराठी माणसं होती. नोकरीमुळे जिथे यायचं तिथेच आलो. पण कधी कधी वाटतं, माणूस कितीही लांब गेला तरी त्याच्या वाट्याची जमीन त्याला शोधत येत असावी.

वेदारण्यमची त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. शंकरपाळीचा डबा अजून संपला नव्हता. रेडिओवर वादळाची सूचना आली, आणि आमच्या घराला कौलं म्हणून समोरच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला त्यांच्याकडे बोलावून घेतलं. त्यांचं घर स्लॅबचं. अजून दोन-तीन कुटुंबं होती. मुख्याध्यापकांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे, आम्हीही. अक्कांनी सगळ्यांसाठी भात टाकला होता आणि आईनं शंकरपाळीचा डबा मधोमध उघडून ठेवला होता. थोडीशी सहलच वाटत होती मला.

सकाळी वारा सुरू झाला तो उत्तरेकडून. वळवाचा वारा मला माहीत होता, हे त्याच्यासारखं नव्हतं. वळीव ओरडतो आणि दम घेतो. हा दम घेत नव्हता. एकच सूर, आणि तो चढत जाणारा. खिडकीच्या फटीतून नारळाची झाडं दिसत होती, त्यांच्या झावळ्या सगळ्या एका बाजूला, केस ओढून धरल्यासारख्या. मग एकेक झाड जायला लागलं. आवाज ऐकू येत नव्हता. नुसतं झाड होतं आणि मग नव्हतं. शेजारच्या घराचं छप्पर उचललं गेलं. बाबा भिंतीला पाठ लावून बसले होते आणि सारखं म्हणत होते, "ढीग राहतात की नाही कोण जाणे."

दुपारी वारा थांबला. हळूहळू नाही, एकदम. कुणी तरी हात आवरता घ्यावा तसा. कानांत पोकळी झाली. दार उघडलं तर बाहेर चक्क ऊन होतं. वर निळं आभाळ, आणि अंगणात समुद्रपक्षी बसलेले, पांढरे, थकलेले. माणूस जवळ गेला तरी उडत नव्हते. मला ते फार सुंदर वाटलं होतं, हे सांगायला अजूनही जड जातं.

आई उंबऱ्यात उभी राहिली. पदर सारखा केला. आणि सांगोल्याची कुठलीही बाई कुठल्याही वळवानंतर म्हणाली असती तेच म्हणाली. "झालं वाटतं. जरा बघून या हो, कौलं किती राहिलीत ते."

बाबा उठले, चपला घातल्या आणि निघाले.

मागच्या दाराशी अक्का घाईघाईनं कळशा भरत होत्या. मुख्याध्यापक गाय दुसऱ्या भिंतीच्या आडोशाला नेऊन बांधत होते. आता विचार केला तर कळतं की ते दोघं पुढच्या वाऱ्याची तयारी करत होते. घरातली बाकी माणसं जागची हललीही नव्हती. त्यांच्यापैकी कुणीही बाबांना थांबवलं नाही. त्यात कुणाचा दोष नाही. रस्त्यापलीकडे घर, माणूस जाऊन लगेच येणार. आणि त्या किनाऱ्यावर वादळ दोनदा येतं, मधली शांतता म्हणजे त्याचा डोळा आणि डोळ्यानंतर वारा उलटा फिरतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत नाही.

बाबांनी कौलं बघितली असतील. मग त्यांना मीठ आठवलं. मिठागराच्या वाटेवर त्यांना एक माणूस भेटला होता, त्यानं नंतर सांगितलं, तुमचे साहेब खुशीत होते. उत्तरेच्या वाऱ्यानं दलदलीतलं पाणी पार समुद्राकडे ढकललं होतं, वाफे कोरडे पडले होते, निम्मे ढीग उभे होते. समुद्र मागे गेलेला बघून ते पुढे गेले.

मग वारा दक्षिणेकडून आला, आणि गेलेला समुद्र बरोबर घेऊन आला.

अक्कांच्या घराचं दार दक्षिणेला होतं. आई ते लावू देईना. चार माणसांनी तिला मागे ओढलं आणि दार लावून त्याला लाकडी बाकं लावली. संध्याकाळपर्यंत पाणी खिडकीला लागलं. आम्ही माळ्यावर बसलो होतो. खाली पाण्यावर शंकरपाळीचा डबा तरंगत होता आणि प्रत्येक धक्क्याला भिंतीवर वाजत होता.

बाबा सापडले ते पाणी ओसरल्यावर, दलदलीच्या कडेच्या वेड्या बाभळीत. मिठागरावर ढीग नव्हते. झावळ्याही नव्हत्या. वर्षभर आटवून आटवून धरलेलं मीठ समुद्रानं एका दुपारी विरघळवून परत नेलं होतं. दहनाला कोरडी जागा मिळेना म्हणून वाळूच्या टेकाडावर नेलं. सुरूची ओली लाकडं पेटत नव्हती. रस्ते बंद, सांगोल्याहून काका पोचणं शक्य नव्हतं. अग्नी कोण देणार असं मुख्याध्यापकांनी खुणेनं विचारलं तेव्हा आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. लाकडं पेटायला फार वेळ लागला. त्या धुराचा वास मला अजून येतो, कधी कुणाच्या बार्बेक्यूतूनही येतो, आणि मी आत निघून जाते.

आम्ही सांगोल्याला परतलो. लोक यायचे, काय झालं विचारायचे. आई म्हणायची, "वादळात गेले." एवढंच. काका सांगायचे, नोकरीशी इमान म्हणून गेला, मिठासाठी गेला. आई मान खाली घालून ऐकायची. उंबऱ्यातलं ते वाक्य माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी ते कधी काढलं नाही. मुलगी आईला दुसरं काय देऊ शकते, असं मला वाटायचं. गप्प बसण्यासारखी माया नाही, असं मी धरून चालले होते.

पण आई बदलली. त्यानंतर तिनं कुणालाही कशासाठीही बाहेर पाठवलं नाही. मीठ संपलं तर शेजारी स्वतः जायची. दळण स्वतः डोक्यावर घेऊन जायची. मी कॉलेजात असताना पायाला प्लास्टर होतं तिच्या, तरी कोथिंबिरीसाठी मला पाठवलं नाही, बिनकोथिंबिरीचं जेवलो. इथे आल्यावरही तेच. निखिल दहावीत असताना एकदा म्हणाला होता, "माय फ्रेंड्स कम्प्लेन की त्यांच्या ग्रँडमदर्स त्यांना सारख्या कामाला लावतात. आजीनं मला कधी मेलबॉक्सपर्यंतसुद्धा पाठवलं नाही. इज शी ओके?" मी म्हटलं, तिचा तुझ्यावर जीव आहे. तो 'ओके' म्हणाला. पोरांना खरं नसलेलं लगेच कळतं, फक्त ती तसं म्हणत नाहीत.

तर यंदाचं वादळ. मंडळानं गणपती कॅन्सल केला, तसा मेसेज आला, त्याखाली तीसेक जणांनी हात जोडले. सुहासनं खिडक्यांना फळ्या ठोकल्या. वारा पहाटे सुरू झाला, पूर्वेकडून. फळ्यांमुळे काही दिसत नव्हतं, नुसता आवाज. तोच सूर, दम न घेणारा. वीज गेली. जनरेटर सुहासनं इतकं वाचूनही चालू झाला नाही. आम्ही तिघं मधल्या खोलीत बसलो होतो. मी आईच्या गुडघ्यांवर शाल टाकली. तिनं ती बाजूला केली.

सकाळी बरंच उजाडल्यावर वारा थांबला.

शेजाऱ्यांची दारं उघडल्याचे आवाज आले. कुत्री भुंकली. कुणीतरी रस्त्यावर हसलं. सुहासनं फोन काढून रडार बघितलं आणि उठला. "आय वॉलच्या आत, डोळ्यातच आहोत आपण. वीसेक मिनिटं आहेत. बॅकयार्डची फेन्स बघून येतो."

"सुहास, खाली बस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"अगं, माहितेय मला, वारा परत येणार आहे. पाच मिनिटं फक्त." मग त्याचं आईकडे लक्ष गेलं आणि तो जागीच थांबला. "नाही तर राहू दे. नंतर बघू."

"जाऊ दे त्यांना," आई म्हणाली. "त्यांना ठाऊक आहे परत येणार ते."

सुहास माझ्याकडे बघत बघत बाहेर गेला. आईनं खुर्ची माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही, मी माझी वळवली.

"ह्यांना ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. बाबांना ती 'हे' म्हणायची. चाळीसहून जास्त वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "तू उंबऱ्यापाशीच होतीस. मी म्हणाले ते ऐकलंस ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं तयार ठेवलं होतं, कधी लागलं तर म्हणून. ते मी सगळं बोलले. आपल्या मुलखात वारा एकदाच येतो. वळीव ओळखणाऱ्या माणसाला चक्रीवादळ कसं ओळखता येईल. सांगोल्याच्या कुठल्याही बाईनं तेच म्हटलं असतं. बाबा कौलं बघायला गेले होते, मिठागराकडे त्यांना तू पाठवलं नव्हतंस. मध्ये डोंगर नव्हता, दलदल दक्षिणेला उघडी, समुद्र उथळ. मी बोलत राहिले. आई ऐकत होती, दुकानात कुणी तरी नको ती वस्तू दाखवत राहावं आणि गिऱ्हाईकानं सभ्यपणानं थांबावं, तशी.

"ते मला माहीत आहे गं," ती म्हणाली. "दरवर्षी टीव्हीवर बघते की. मी ते विचारत नाहीये. ऐकलं होतंस का?"

"ऐकलं होतं."

"मी म्हणाले म्हणून गेले ना ते?"

बाहेर ऊन पडलं होतं. फळीच्या फटीतून एक पट्टा तिच्या पायांवर आला होता. नाही म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं मी न बोलता नाहीच म्हणत आले होते आणि त्यानं तिला काहीही मिळालं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मला फार भीती वाटली.

"हो," मी म्हटलं. "तू म्हणालीस म्हणून गेले."

आई रडली नाही. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ मिटूनच ठेवले. मग तिनं एक लांब श्वास सोडला आणि बाजूला केलेली शाल स्वतःच ओढून घेतली.

"आधी वाटायचं, तू ऐकलं नसशील," ती म्हणाली. "मग वाटायला लागलं, ऐकलंय आणि मनात धरून बसलीय. तुला वाढायला वाकले की वाटायचं, आज बोलेल. आज बोलेल."

"मनात धरलं नव्हतं गं, आई."

"धरलं असतंस तरी चाललं असतं. म्हणायचं होतंस एकदा. मी एकटीच होते ना त्या वाक्यापाशी."

मी तिचा हात धरला. तो गार होता आणि हलका. फार उशीर झाला होता, आणि तो झालेला आहे हे दोघींनाही दिसत होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला तिची मधली चाळीस वर्षं कुठून आणून द्यायची.

सुहास परत आला, पायपुसण्यावर पाय पुसले. "फेन्स गेली. ओकचं झाड उभं आहे," म्हणाला. दार लावून कडी घातली. थोड्याच वेळात बाहेरचे आवाज थांबले, लोक घरांत गेले असावेत. मग घराच्या दुसऱ्या बाजूच्या फळ्या वाजायला लागल्या. आईनं त्या बाजूला मान वळवली आणि ऐकत राहिली.

"आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही त्या माणसानं," ती म्हणाली. "नको नको म्हणत होते तरी इतक्या लांब नेलं आम्हाला." आणि जरा थांबून म्हणाली, "तेवढंच ऐकलं."